क्लचवरचा पाय

रायगोंडानं गिअरबॉक्सखालचा नट पान्यानं सैल केला आणि ऑइलची पहिली धार स्टीलच्या ताटलीत धरली. नट पुन्हा आवळून तो ट्रॅक्टरखालून सरपटत बाहेर आला. त्यानं ताटली उन्हात तिरकी केली. काळं ऑइल एका बाजूला सरकलं आणि तळाला लोखंडाचा बारीक कीस चमकला. ती ताटली त्यानं पुतण्याच्या नाकासमोर नेली.

"बघ. गिअरचं दात झिजवलास."

अभिनंदननं ताटलीकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"दर ऐतवारी हेच दावता आप्पा. कीस तुमच्या आठवड्यात पडत न्हाय व्हय?"

"माझ्या हातात हाय ती तुझ्या जन्माआधीपास्नं. कवा गिअरबॉक्स उघडाय लागला न्हाय."

चिंचेखाली बसलेली मंडळी गालात हसली. निपाणीपासून हाकेच्या अंतरावरच्या त्या गावात रविवारी सकाळी ही करमणूक ठरलेली होती. रायगोंडाचा धाकटा भाऊ गेला, त्यानंतर वाटणी झाली. जमीन, विहिरीचं पाणी, नारळाची झाडंसुद्धा वाटून झाली. ट्रॅक्टर मात्र मधोमध कापता येईना. मग एक आठवडा रायगोंडाचा, एक त्याच्या पुतण्याचा असं ठरलं. गाडी परत घेताना रायगोंडा ती चाकापासून छतापर्यंत हुंगायचा. सासरहून आलेल्या लेकीलाही कुणी एवढं निरखत नसेल.

वाटणीच्या बैठकीत गावचे पंच भरमूअण्णा यांच्यासमोर एक अट त्यानंच घातली होती. ज्याच्या हातून गाडी बाद होईल, त्याचा तिच्यावरचा हक्क संपला. तेव्हा ही अट आपल्या अंगाला कधी लागेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. चप्पल काढल्याशिवाय तो गाडीवर चढत नसे. क्लच पुरता दाबल्याशिवाय गिअरला हात लावत नसे, उतारावर कधी न्यूट्रल करत नसे. गाडी जपावी तर रायगोंडानं, असं लोक म्हणत, आणि लोक तसं म्हणतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

यंदा क्लचप्लेट जळाली, ती अभिनंदनच्या आठवड्यात. नवी बसवली, तर पंधरवड्यात तिलाही करपट वास येऊ लागला. म्हणून आज रायगोंडानं भरमूअण्णांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आज निकाल लावायचाच, असं तो बायकोला सांगून घरातून निघाला होता.

"क्लचवर पाय ठेवून चालवतंय हे पोरगं," तो भरमूअण्णांना म्हणाला. "पाय वर ऱ्हायला की प्लेट घसरतीया, जळतीया. मग गिअर कराकरा पडत्यात आणि दातांचं तुकडं ह्या ताटलीत येत्यात."

अभिनंदनची आई लक्ष्मीबाई कट्ट्याच्या कडेला उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली,

"माझ्या पोराचा पाय बघायला तुमी गाडीत बसलातासा काय?"

"बसाय कशाला पायजे? वासावरनं कळतंय."

"उसाची सोन्यासारखी लावण तोंडावर आलीया. गाडी काढून घेतलीसा तर आमी सऱ्या काय नखानं पाडाव्या?"

"आधी पोराला शाणं करायचं हुतं."

लक्ष्मीबाईचा चेहरा पडला. भावजयीला असं चारचौघांत बोलल्याचं रायगोंडाला जराही वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

भरमूअण्णांनी दोघांनाही गप्प केलं. शेणखतानं भरलेली ट्रॉली जोडलेलीच होती. चुलत्या-पुतण्यानं पाळीपाळीनं ती बस्तीमागच्या, म्हणजे जैन मंदिरामागच्या, चढावरून वर नेऊन आणावी, असं त्यांनी सांगितलं. आधी अभिनंदन गेला आणि आला. वास नाही, आवाज नाही.

"लोकांम्होरं कोणबी नीट चालवतंय," रायगोंडा म्हणाला. "आता बघ, गाडी कशी चालवायची असती."

चपला काढून तो चढला. क्लच दाबला, गिअर टाकला, अलगद पाय सोडला. गाडी हलली. अभिनंदन डाव्या बाजूनं, मोठ्या चाकाच्या पुढं, बरोबर चालू लागला. मंडळी खाली चिंचेखालीच राहिली. रायगोंडाला आपल्या इंजिनाचा आवाज नेहमीच आवडायचा. आज तर तो जरा ताठच बसला.

निम्म्या चढावर पुतण्या ओरडला,

"आप्पा, क्लचवरचा पाय काढा!"

"कवाच काढलाय. मला शिकवतोस?"

"काढा म्हणतोय न्हवं! खाली बघा!"

इंजिनाचा आवाज वाढला होता, पण चाकं मात्र रेंगाळत होती. मग करपलेला वास आला. रायगोंडानं शिवी हासडण्यासाठी मान वळवली आणि वळवता वळवता त्याची नजर खाली गेली.

पाय क्लचवर होता. पेडल निम्मं दाबलेलं होतं.

त्यानं पाय बाजूला घेतला होता. घेतल्याचं त्याला चांगलं आठवत होतं. आता त्यानं पुन्हा घ्यायला बघितलं, पण आपला तळवा पेडलवर आहे की पत्र्यावर, हेच त्याला कळेना. शेवटी त्यानं गुडघ्याजवळ धोतर मुठीत धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला. गाडीनं धक्का खाऊन पुढं जोर घेतला. साखरेच्या दुखण्यानं पायांतला जीव जातो, असं निपाणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. रायगोंडानं ते ऐकून सोडून दिलं होतं. चालता येत होतं, मग अजून काय पाहिजे? आता मात्र त्याला भीती वाटली.

त्यानं वर पाहिलं. अभिनंदननं सगळं पाहिलं होतं.

दोघंही वर जाऊन परत आले. गाडी थांबताच अभिनंदन भरमूअण्णांपुढं जाऊन उभा राहिला.

"आप्पांचाच पाय हुता. मी डोळ्यांनी बघितलो. त्यांस्नी कळतबी न्हवतं."

सगळे रायगोंडाकडं पाहू लागले. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. तो शब्द त्याच्या तोंडापर्यंत आलासुद्धा. पण समोर लक्ष्मीबाई उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आता उजेड पडला होता.

"खोटं बोलतंय," रायगोंडा म्हणाला. "ह्यानंच प्लेट आदीच करपवून ठेवलीया. वास येणारच."

"बस्तीत चला," अभिनंदनचा आवाज फाटला. "देवाम्होरं सांगा, पाय न्हवता म्हणून."

"तुझ्यासारख्याच्या सांगण्यावरनं मी देवाम्होरं जाऊ?"

भरमूअण्णांनी हात वर केला. सारं आयुष्य गाडीवर काढलेल्या माणसाला शपथ घालायची नसते, असं त्यांचं मत पडलं. प्लेट अभिनंदनच्या आठवड्यात जळाली होती, आणि अट अटच होती. गाडी रायगोंडाकडं गेली. लक्ष्मीबाईनं पोराचा दंड धरला आणि त्याला घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत रायगोंडा सऱ्या पाडायला रानात गेला. पायाकडं बघितलं की सरी वाकडी जायची. सरीकडं बघितलं की थोड्या वेळानं तोच वास यायचा. धोतर धरून पाय उचलायचा, बाजूला ठेवायचा. दहा पावलं गेलं की पाय पुन्हा तिथंच. बांधाला पोचेपर्यंत गिअर अडकू लागले. त्यानं जोर लावला, तेव्हा आतून असा कराकरा आवाज आला की त्याच्या दातांतून कळ गेली. त्यानं इंजिन बंद केलं. मुलगा बेळगावात नोकरीला. त्याला गाडी सुरूसुद्धा करता येत नव्हती. गावात एकही ड्रायव्हर रायगोंडाच्या बोलण्याखाली टिकला नव्हता. आणखी आठवडाभर ही गाडी आपण चालवली, तर ती संपली, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

तो खाली उतरला आणि चालत पुतण्याच्या दारात गेला.

अभिनंदन घराच्या पुढच्या सोप्यात वैरणीच्या पेंढ्या बांधत होता. लक्ष्मीबाई चुलत्या-पुतण्यांकडं एकदा बघून आत गेली. पाण्याचा तांब्या काही बाहेर आला नाही.

"किल्ली घे," रायगोंडा म्हणाला. "माझ्या सऱ्या पाडून दे. मग तुझ्या पाड. आठवड्याचं आदीसारखंच ठेवू."

अभिनंदननं पेंढीची गाठ आवळली.

"आणि भरमूअण्णांस्नी?"

"त्यांस्नी काय?"

"काय सांगणार त्यांस्नी?"

रस्त्यानं दोन बाईमाणसं बोलत चालली होती. ती पुढं जाईपर्यंत रायगोंडा थांबला. मग हळू आवाजात म्हणाला,

"ते झालं गेलं. घरातलं घरात ऱ्हाऊ दे की रं."

अभिनंदननं दुसरी पेंढी पुढं ओढली.

"नको आप्पा. गाडी जळंल तुमची," तो म्हणाला. "माझा पाय क्लचवर असतोय."