सात नंबरचा दिवा

या मायबापहो, जरा पुढं सरकून बसा. चित्त इकडं द्या. एका सिस्टरची गोष्ट सांगतो, भल्या जिवाची आहे.

मोठ्या सरकारी इस्पितळात ती कामाला. रोग्यानं घंटी दाबली की तिच्या टेबलावर त्या खाटेचा दिवा लागे. मग सुधारणा आली, नवे साहेब आले, भिंतीवर फळा आला. दिवा लागल्यापासून विझेपर्यंतची मिनिटं यंत्र मोजू लागलं, आणि जिची मिनिटं कमी तिचं नाव फळ्यावर वर. बाकीच्या सिस्टर आधी टेबलावरचं बटण दाबून दिवा विझवायच्या आणि मग सवडीनं उठायच्या. ही खुळी आधी खाटेकडे धावायची, काम उरकून येऊन मग विझवायची. त्यामुळे दोन महिने फळ्यावर तळाला. तिसऱ्यांदा तळाला गेली की कंत्राट संपलं, आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला.

"अगं, आधी दाब, मग धाव," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "यंत्राला तुझे पाय दिसत नाहीत, बोट दिसतं!"

सात नंबरला एक म्हातारा सुतार होता, दम्यानं बेजार, पण जीभ तरतरीत. "पोरी, तुझं टेबल डुगडुगतंय. बरा झालो की पाचर ठोकतो. तोवर तुझ्या साहेबाला टेबलाच्या पायाखाली सरकव."

तिसऱ्या महिन्यात तिनं मन घट्ट केलं. आधी बटण, मग पाय. शेवटच्या दिवशी चार नंबरच्या बाईची सलाईनची सुई निघून रक्त वाहू लागलं. सिस्टर निघणार तोच सातचा दिवा लागला. तिनं देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं आणि चारकडे गेली. कापूस घ्यायला परत आली, तर सातचा पुन्हा लागलेला. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा लागला नाही. तिला हायसं वाटलं.

तासाभरानं ती सातकडे गेली. प्राणवायूची नळी नाकातून निसटलेली. सुताराचं बोट घंटीवरच, गार पडलेलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ती पहिली. साहेब तिच्याच टेबलावर प्रशस्तिपत्रकावर सही करायला वाकले, तर पेन घसरलं.

"टेबल डुगडुगतंय हो! सुताराला बोलवा की."

"सात नंबरला होता, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी ऐकलं नाही, टाळ्या चालू होत्या. तेवढ्यात सातचा दिवा लागला, खाटेवर नवा रोगी होता. तिचं बोट आपोआप बटणावर गेलं.

मायबापहो, हात जोडाल तेव्हा त्या सुताराची आठवण ठेवा. त्यानं दोनदा हाक मारली होती.