कुचेराच्या राखेतल्या बिजागऱ्या

आमच्या गावात रस्त्यावर बर्फ गोठला की लोक आपापल्या घर तापवायच्या भट्टीतली राख त्यावर पसरतात, कुणी घसरून पडू नये म्हणून. आमचा शेजारी गेरार्ड कुचेरा तर अख्ख्या गल्लीपुरती पसरतो. लोक त्याला देवमाणूस म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीचा, टेरेस्काचा, तो धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानेच तिला हातांवर धरलं होतं.

त्याच टेरेस्काला या हिवाळ्यात श्वास पुरेना. ती इस्पितळात आहे, तोंडावर प्राणवायूचा मास्क लावून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेजारी कुणी भलतंसलतं जाळतं का?" आई म्हणाली, "माहीत नाही."

तिला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोळसा महागल्यापासून कुचेरा तळघरातल्या भट्टीत जुनी रंगवलेली कपाटं फोडून जाळतो. पण आमच्याकडे धूर सोसणं म्हणजे शेजारधर्म, आणि तक्रार करणारा चुगलखोर. त्याला मग कुणी लग्नालाही बोलावत नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात सभा भरली. सरकारच्या नव्या कायद्याचा मसुदा आला होता: जुनी भट्टी ठेवणाऱ्याला घरपट्टी जास्त, बदलणाऱ्याला सूट, आणि तक्रार आली तर तपासनीस थेट तळघरात. विरोधाचा ठराव कुचेराच मांडत होता.

"आज भट्टी बघतील, उद्या पातेल्यावरचं झाकण उचलतील," तो म्हणाला. सगळे हसले. "माझ्या घरी फक्त चांगला कोळसा आणि बर्चचं लाकूड. काय गं गिझेला, शेजारीण ना तू?"

गिझेला म्हणजे माझी आई. ती मान खाली घालून म्हणाली, "हो, गेरार्ड."

माझं डोकंच फिरलं. मी धावत गल्लीत गेले, आमच्या फाटकासमोर त्याने पसरलेली राख खरवडून बादलीत भरली, आणि परत येऊन त्याच्या पुढ्यात टेबलावर ओतली. बिजागऱ्या, स्क्रू, खणांच्या मुठी खणखणत पडल्या. राख त्याच्या रविवारच्या कोटभर उडाली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"काका, बर्चच्या झाडाला बिजागऱ्या कधीपासून येतात?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"पोरीला आवर, गिझेला," कुचेरा कोट झटकत म्हणाला. "उद्या टेरेस्काला बघायला यायचंय मला. धर्मपिता आहे मी तिचा."

आई उभी राहिली.

"होतास. तिच्या खाटेजवळ दिसलास तर हाताला धरून बाहेर काढीन." मग ती सभेच्या चिटणिसाकडे वळली. "ठरावाच्या विरोधात माझं नाव लिहा. कायदा येऊ दे, त्याच्या भट्टीची पहिली तक्रार माझी असेल. तीही नावानिशी."

चिटणिसाने पेन उचललं, पण लिहिलं नाही. हळूच म्हणाला, "गिझेलाबाई, विचार करा. त्याच गल्लीत राहायचंय तुम्हाला."

"त्यालाही राहायचंय," आई म्हणाली. "लिहा."