चैत्रातली रेंज

संघप्रिया नागभीडच्या एका संस्थेकडून गावोगाव जायची, तीन कंपन्यांची तीन सिमं आणि एक वही घेऊन. घराघराच्या दारात रेंज मोजायची आणि कुणी कुठलं सिम घ्यावं, कुठलं रिचार्ज परवडेल, ते सोप्या शब्दांत सांगायची. फुकट सिमच्या नावाखाली छत्री उभारून बसणाऱ्यांनी लोकांना इतकं बनवलं होतं, की हिच्यावर माणसं डोळे झाकून विश्वास ठेवत. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला?

जंगलातल्या तळ्याकाठी बावीस घरांचा एक टोला होता, छोटी वस्ती. तिथे ती चैत्रात आली. सगळ्यांकडे होती त्या जुन्या कंपनीची रेंज प्रत्येक दारात एकच काडी, तीही मरतुकडी. नव्या कंपनीच्या चार. तळ्यात मासे धरणाऱ्या मनसारामने तेवढं विचारलं, "बाई, पावसाळ्यातबी असंच राहीन का?"

"टावर का पावसाळ्यात गावाले जाते, भाऊ?" संघप्रिया म्हणाली. सगळे हसले, आणि बावीसच्या बावीस घरांनी नंबर तोच ठेवून कंपनी बदलली.

चैत्रात सागाला पान नसतं, हे या भागात शेंबडं पोरही जाणतं. संघप्रियाचा जन्मही इथलाच. पण तिच्या वहीत रेंजसाठी रकाना होता, पानांसाठी नव्हता.

आषाढात एका दिवशी अकराच्या सुमारास ती फेरतपासणीला आली, तेव्हा साग सुपाएवढ्या पानांनी गच्च झाले होते. तळ्याच्या बांधावर, पाळीवर, मनसाराम फोन उंच धरून भिजत उभा होता. सून दामिनीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या, आणि मुलगा स्वप्निल तिकडे सूरजागडला खाणीच्या कामावर.

"आशाताईले फोन लावून राह्यलो, बाई. दोन तास झाले. कोणाच्याच घरून लागत नाई. शेजारच्या पत्रूले पायवाटेनं धाडलं, तो अजून पोहोचला नसन."

संघप्रियाने आपला फोन काढला. नव्या कंपनीच्या नावापुढे फुली. जुन्या कंपनीची ती मरतुकडी काडी मात्र जागच्या जागी होती. तिने वर सागाच्या पानांकडे पाहिलं. आशाताईचा नंबर तिच्या फोनवरून पहिल्या झटक्यात लागला. पाऊण तासात गाडी आली आणि दामिनीला, सोबत सासू मैनाबाईला घेऊन गेली.

"देवावानी आल्या, बाई. तुमी नसत्या तर काय केलं असतं?" मनसारामने तिला कोरडा टॉवेल दिला, चहा ठेवला.

संघप्रिया चहा प्यायली. सांगायला हवं होतं, पण जीभ उचलेना. एकदा कंपनी बदलली की नव्वद दिवस पुन्हा बदलता येत नाही, आणि त्यातले वीस अजून बाकी होते. त्याच उन्हाळ्यात तिने अशीच आणखी अकरा गावं बदलवली होती. तिला स्वतःची चीड आली. दवाखान्यातून खबर यायची ती आता तिच्याच फोनवर, म्हणून निघूनही जाता येईना.

फोन वाजला तसा मनसारामने तो उचलून तिच्यापुढे धरला. "तुमीच बोला. माझा धीर नाई होत."

आशाताईच्या फोनवरून मैनाबाई बोलत होती. "दामिनी बरी हाय. लेकरू गेलं, बाई. पोरगी होती. डॉक्टर म्हणते, दोन तास आधी आणलं असतं तर वाचली असती. पण त्यायले दोन तासाचं नका सांगू. जिवाले लावून घेतीन."

म्हणजे गप्प बसायला आता परवानगीही मिळाली होती.

"दामिनी सुखरूप हाय, भाऊ," संघप्रिया म्हणाली. "पोरगी झाली होती. गेली."

मनसारामने दोन्ही हात कपाळाला लावले. "माझंच चुकलं. पाळीवर उभा राह्यलो येड्यावानी. सकाळीच सोता पळालो असतो तर लेकरू वाचलं असतं."

संघप्रियाला ते ऐकवेना.

"तुमचं नाई चुकलं, भाऊ. जुनं सिम असतं तर घरातूनच फोन लागला असता, सकाळीच. ते मी बदलाले लावलं. पान आल्यावर नवं चालत नाई, हे मी पाह्यलंच नाई."

 मनसाराम उठला, खाली ठेवलेला तिचा फोन तिच्या हातात दिला आणि दार उघडून बाजूला उभा राहिला.

"तुमी जा आता, बाई," तो म्हणाला.