मागच्या दाराचे पेशंट

दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीला दोन दारं होती. एक पुढच्या हॉलमध्ये उघडायचं. तिथे टोकनची खिडकी, चार बाकडी आणि नावापुरता फिरणारा पंखा. दुसरं मागच्या गल्लीत. सरकारचा नियम असा, की पेशंटने पुढून यायचं. ताईचा नियम असा, की ज्याच्या पायालाच जखम आहे त्याने मागून यायचं. यातला शहाणपणाचा नियम कोणता, हे काय सांगायला हवं? पण सगळा घोळ तिथेच झाला.

ताई म्हणजे ड्रेसिंगची नर्स. अठरा वर्षं त्याच खोलीत, त्याच स्टुलावर, लोकांचे पाय मांडीवर घेऊन बसलेली. तीन वर्षांपूर्वी खिडकीत कॉम्प्युटर आला आणि एका टोकनला पाच-सहा मिनिटं लागायला लागली. मोबाइलवर नंबर येणार, तो खिडकीत सांगायचा, सांगेपर्यंत त्याची मुदत संपणार, की पुन्हा पहिल्यापासून. ज्या म्हातारीकडे मोबाइलच नाही तिने काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. ताईने दोन दिवस हा तमाशा बघितला. तिसऱ्या दिवशी तिने मागच्या दाराची कडी काढली आणि म्हणाली, "दोनदा टकटक करायची आणि सरळ आत यायचं. टोकन गेलं खड्ड्यात."

तेव्हापासून बहुतेक सगळे मागून. शिवणवाली यायची. मशीनचं पायडल मारून मारून तिच्या पोटरीवरची जखम भरायचं नाव घेत नव्हती, आणि तिच्या जिभेलाही विश्रांती नव्हती. आणि ड्रायव्हरकाका यायचे.

काकांची आणि ताईची ओळख जुनी. नर्सिंग शिकताना ती ज्या बसने जायची ती काका चालवायचे. ही बया रोज उशिरा, तोंडात पिना धरून केस बांधत धावत यायची, आणि काका तिच्यासाठी बस थांबवून ठेवायचे. मागे कंडक्टर घंटी बडवतोय, लोक बोटं मोडतायत, आणि हे आपले आरशात रस्ता बघत बसलेले. ती चढली की म्हणायचे, "आली आमची डॉक्टरीण. चला." त्यापायी त्यांना एकदा मेमोसुद्धा मिळाला होता. आता साखरेने त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं नेली होती आणि टाचेला जखम होती. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, दिवसाआड पट्टी झाली तर पाय राहील, नाहीतर गुडघ्याखालून काढावा लागेल. घरी काकू, पण त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. म्हणजे काकांचा पाय राहायचा तो त्या खोलीच्या जिवावर.

आणि एका सोमवारी त्या खोलीच्या दारावर कागद चिकटला. काटकसरीच्या धोरणानुसार, वापर अत्यल्प असल्याने, ड्रेसिंग कक्ष पुढच्या महिन्यापासून बंद. रुग्णांनी मोठ्या हॉस्पिटलात जावं. मोठं हॉस्पिटल म्हणजे दोन बस बदलून दीड तास, वर चढण.

"अत्यल्प म्हणजे काय गं?" शिवणवालीने विचारलं.

"फार कमी."

"कमी? मेल्यांनी कधी या खोलीत पाऊल तरी टाकलंय का?"

शिवणवालीने त्याच दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. जुन्या चादरी फाडून तिने फलक केले, आणि रंग परवडत नाही म्हणून अक्षरं मशीनवर शिवली. तीन आठवडे ती आणि ताई घरोघरी फिरल्या. काका फार चालू शकायचे नाहीत, म्हणून ते कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकून सह्या घ्यायचे. एक पुढारी येऊन फोटो काढून गेले. परत काही ते दिसले नाहीत, त्यांना देव सुखी ठेवो. पण दोन हजारांच्या वर सह्या झाल्या आणि शेवटी सुनावणी लागली.

सुनावणी कुठे ठेवली होती? दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. पायांच्या पेशंटांची सुनावणी दुसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते शिवणवालीने पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सांगितलं. काका बसून चढले. पाठ वरच्या बाजूला, हात मागे टेकायचे, एकेक पायरी. वर पोचायला त्यांना पाऊण तास लागला. ताई त्यांच्या शेजारून चढत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

वर आढावासाहेब बसले होते. त्यांचं खरं पद लांबलचक होतं, पण सगळ्या दवाखान्यात ते याच नावाने प्रसिद्ध. माणूस आवाज न चढवणारा. त्यांनी लॅपटॉप वळवला.

"भावना समजतात. पण आकडे बघा. तीन वर्षांची सरासरी. दिवसाला अकरा पेशंट. अकरा जणांसाठी एक खोली आणि एक नर्स सरकारला परवडत नाही."

ताईने आकडा पुन्हा वाचला. रोज तिच्या हाताखालून तीस-पस्तीस पाय जायचे. ते कुठे गेले हे तिला लगेच कळलं. ते मागच्या दाराने आले होते आणि मागच्या दारानेच गेले होते. लोकांचे कष्ट वाचवायला गेली आणि त्याच लोकांच्या पायावर तिने आपल्या हाताने धोंडा घातला होता. तीन आठवडे ती सरकारच्या नावाने बोटं मोडत हिंडली, आणि सरकारच्या हातात हा आकडा दिला होता तिनेच.

साहेब पुढे बोलत होते. "अजून एक. पेशंट अकरा, पण स्टोअरमधून गॉज आणि बँडेज उचललंय पस्तीस जणांचं. रोज. बाकीचं जातं कुठे, सिस्टर?"

अठरा वर्षांत तिच्यावर चोरीचा आळ पहिल्यांदाच येत होता, तोही कापसाचा.

गप्प बसली तर ती चोर ठरणार आणि खोली जाणार. खरं बोलली तर नोंदणीशिवाय उपचार केले म्हणून नोकरीवर गदा. पण तिने फार वेळ घेतला नाही.

"लोकांच्या पायांवर जातं," ती म्हणाली. "मी मागचं दार उघडं ठेवते. टोकन न घेता पट्टी करते. तीन वर्षं करतेय. तुमच्या मशीनपुढे सडका पाय घेऊन माणूस दोन तास उभा राहतो, ते माझ्याच्याने बघवलं नाही."

"हे तुम्ही लेखी द्याल?"

"देते."

"पण पुरावा काय? नोंदच नाही म्हणता."

शिवणवाली उठायला लागली, पण तिच्या आधी काकांनी चप्पल काढली. खुर्चीचा आधार घेत त्यांनी उजवा पाय उचलला आणि साहेबांच्या टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी ठेवला.

"ही गाठ बघा साहेब," ते म्हणाले. "गाठ नाहीच आहे. आमची ताई गाठ मारत नाही, पट्टी खोचते. टोक तिकोनी दुमडून आत खोचायचं आणि वर चिकटपट्टीची फुली. दुसरं कोणी असं करत नाही. आता बाकीचे बघा."

शिवणवालीने पोटरी पुढे केली. तिकोनी टोक, वर फुली. तिच्या मागे भाजीवाली, तिच्या मागे शाळेचा जुना शिपाई, मग वॉचमन. एकेकाने चप्पल काढली, सलवार वर केली, पँट दुमडली. खोलीत जागा नव्हती म्हणून बाकीचे जिन्यात बसले होते. एकोणचाळीस पाय आणि एकोणचाळीस फुल्या.

"मोजा," ताई म्हणाली. "चोरीचा माल सगळा हजर आहे. हात लावून मोजा."

साहेबांनी हात लावला नाही, पण मोजले. जिन्यापर्यंत जाऊन मोजले. मग खाली बसून त्यांनी बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि निर्णय वाचून दाखवला. खोली बंद करण्याला तीन महिने स्थगिती. त्या तीन महिन्यांत फेरमोजणी. मोजणी फक्त खिडकीवरच्या टोकनांची. मागच्या दाराने आलेला एकही पेशंट धरला जाणार नाही. आणि सिस्टरना कारणे दाखवा नोटीस.

"म्हणजे जिंकलो की हरलो?" जिना उतरताना शिवणवालीने विचारलं.

"सोमवारी कळेल," ताई म्हणाली.

सोमवारी सकाळी ट्रेमध्ये चिमटे मांडत असताना मागच्या दारावर दोनदा टकटक झाली. तिचा हात सवयीने कडीवर गेला आणि तिथेच थांबला.

"काका?"

"हं. उघड पोरी."

"काका, पुढून या. टोकन घ्या."

बाहेर काठी दाराला टेकली. "अगं, रांग फाटकाबाहेर गेलीय."

"माहीत आहे."

"बसायला बाकडंही शिल्लक नाही."

"माहीत आहे मला सगळं," ती एकदम चिडून बोलली, आणि आपण कोणावर चिडलोय हे तिला कळत होतं. तो माणूस दाराच्या पलीकडे नव्हता, अलीकडे होता. "मी आत घेतलं तर तुम्ही आलाच नाहीत असं होतं. खोली गेली तर पाय जाईल. रांगेत उभे राहा."

ज्या माणसाने तिच्यासाठी भरलेली बस थांबवून ठेवली होती, त्याच्यासाठी एक कडी काढणं तिला शक्य नव्हतं.

"बरं," काका म्हणाले. "माझा नंबर येईपर्यंत गाडी हलवू नकोस म्हणजे झालं."

काठीचा आवाज भिंतीच्या कडेकडेने पुढच्या बाजूला गेला. ताईने कडीला बँडेजचे चार वेढे घातले आणि या वेळी घट्ट गाठ मारली.

काकांचा नंबर सत्ताविसावा आला. अडीच तास झाले होते. ते आत आले तेव्हा टाचेखालची पट्टी लाल झाली होती, फुलीसकट. त्यांनी आधी टोकन तिच्या हातात दिलं, मग पाय.