वरच्या ओढ्याचं पाणी

"दत्तारामभाऊ, भर श्रावणात डोंगरातलं पाणी इतकं नितळ?" तरुण प्राध्यापिका शुभा मॅडमनी बाटली खिडकीपाशी उजेडात धरली.

दत्ताराम सुखावला. मुलुंडच्या या कॉलेजात बावीस वर्षं त्याने प्रयोगशाळेतली काचेची भांडी विसळली, पण असं कौतुक कधी वाट्याला आलं नव्हतं. चौऱ्याऐंशी साली तीन कॉलेजं मिळून एकाच ओढ्याचा अभ्यास करत होती आणि पाण्याच्या बाटल्या एकमेकांकडे तपासायला पाठवत होती. उगम मुलुंडकडे, मधला भाग भांडुपकडे, खाडीचं तोंड घाटकोपरकडे. दर शनिवारी डोंगर चढून बाटली भरून आणायची, ती दत्तारामने. अहवालात त्याचं नाव छापून येणार होतं आणि चाळीत ही बातमी दोनदा सांगून झाली होती.

त्याला ते शनिवार स्वप्नासारखे वाटत. धुक्यातल्या करवंदीच्या जाळ्या, कातळावरून उतरणारं पाणी. कोकणातल्या गावचा वहाळ, तो लहानपणचा ओढाच, आपल्याला शोधत इथवर चालत आलाय असं वाटून तो तासभर पाण्यात पाय सोडून बसे.

"खाली भांडुपला गाळच गाळ, आणि वर काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे सगळी घाण मधल्या वस्तीचीच. तसंच लिहू या."

दत्तारामने हातातलं भांडं खाली ठेवलं. ती वस्ती म्हणजे त्याचीच चाळ आणि आजूबाजूची.

"मॅडम, मी पाणी गाळून भरत होतो."

"काय?"

"दुसऱ्या कालेजात जाणार ना ते, पाहुण्यांकडे. गढूळ कसं पाठवू? पंचा चारपदरी करून बाटलीच्या तोंडाला लावायचो."

मॅडमनी बाटली टेबलावर ठेवली. "अहो, तो गाळच तर मोजायचा होता! दोन महिने पाण्यात गेले." मग हळूच म्हणाल्या, "बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं."

"आमच्या लोकांवर आळ आला असता, मॅडम."

अहवाल दिवाळीनंतर छापून आला. उगमाचा रकाना कोरा होता, आणि त्याच्यासोबत दत्तारामचं नावही गेलं होतं. त्याला वाईट वाटलंच. चाळीत कुणी विचारलं नाही, तेवढंच बरं.

घरी बायको, शेवंती, डालड्याच्या डब्यातल्या अबोलीची फुलं खुडत होती. "यंदा किती फुलली बघा! शनिवारी तुम्ही पंचा झटकायचात ना हिच्यात, ती माती कुठली हो?"

तो डब्यापाशी उकिडवा बसला. वर तांबूस, मऊ थर होता. त्यातली चिमूटभर त्याने उचलली, हुंगली.

"डोंगरातली," तो म्हणाला, आणि मूठ मिटली.