आत्ता नको

गोमाने अर्ध्या वाटेतच तोंडातली सरावाची कॅनव्हासची गुंडाळी टाकली आणि तो सगळ्यांकडे पाठ करून बांधावर बसून राहिला.

"गोमा, आण!" शैलजाने जपानीत हाक मारली.

कुत्र्याने एक कान हलवला. मान वळवली नाही.

गोमाचे म्हातारे मालक ओनोदेरा-सान घडीच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि मांडीवरची नवी दोरी जरा बाजूला सरकवली. त्या दोरीकडे बघायचं शैलजा सकाळपासून टाळत होती. दुपारपर्यंत त्यांचा मेव्हणा ट्रक घेऊन येणार होता. गोमाने आजही काही आणलं नाही, तर त्याची रवानगी डोंगरातल्या सफरचंदाच्या बागेत व्हायची होती, साखळीला बांधून माकडांवर भुंकायला.

म्हाताऱ्याचाही नाइलाज होता. उन्हाळ्यात गुडघ्याने दगा दिला, पाण्यात उतरणं संपलं, आणि बदकांच्या शिकारीचा मोसम तर तोंडावर आलेला. "मारलेलं पाखरू पाण्यात सोडून घरी जाणाऱ्याने बंदूक धरू नये," एवढंच ते म्हणाले होते. त्सुनामीची लाट येऊन गेली तेव्हा त्यांचं भाताचं शेत खचलं, तिथे दलदल झाली आणि दलदलीत बदकं उतरू लागली. त्यांच्या शेतात आता तेवढंच पिकत होतं.

गोमा म्हणजे जपानीत तीळ. तिळासारखाच काळा कुळकुळीत. सेंदाईत ओनोदेरा-सानांच्या समोरच्या इमारतीत शैलजाचं बिऱ्हाड होतं. तिची मुलगी अनघा गोमाला फिरवायला नेऊ लागली, आणि गुडघ्याचं कळल्यावर एक दिवस तिने आईला विचारलं, तू शिकवशील का त्याला? अनघा हल्ली आईकडे काही मागत नसे, म्हणून शैलजा चटकन हो म्हणाली. पुण्याला सासूबाईंना "कुत्र्याला फिरवतो" इतकंच सांगितलं होतं. मेलेली बदकं आणायला शिकवतो म्हटलं असतं, तर त्यांनी फोन ठेवून आधी अंघोळ केली असती.

शैलजाने काम हातात घेतलं की ते तडीला न्यायचं, हा तिचा प्रयोगशाळेतला लौकिक. गोमाला लहानपणापासून काही सापडलं की ओनोदेरा-सान टाळ्या पिटून "अत्ता! अत्ता!" म्हणत. सापडलं, सापडलं! ते ऐकलं की कुत्रा अंगात आल्यासारखा नाचे. शैलजाने पहिल्याच आठवड्यात तो शब्द बंद करायला लावला. त्याने कुत्रा जागा सोडतो, बसायचं विसरतो. मग तिने नेट धरला. वाकडा बसला, पुन्हा. गुंडाळी चावली, पुन्हा. हातात न देता पायाशी टाकली, की "दामे!", म्हणजे चूक, आणि पुन्हा. गोमा सरळ बसायला शिकला. आणायचं मात्र सोडून दिलं. हीच तर गोम होती, आणि ती आपल्याच हातून झाली हे तिला कळत होतं. कशी, ते कळत नव्हतं.

ती चिखलातून गेली आणि गुंडाळी उचलून परत आली.

"त्याने आणून दिलं की तू दामे म्हणतेस," अनघा जपानीत म्हणाली.

"मराठीत बोल."

अनघाने ओठ मिटले. मग गुंडाळीसाठी हात पुढे केला.

त्याच वेळी लांब बंधाऱ्यावर एक पांढरा ट्रक वळताना दिसला. शैलजाने गुंडाळी मागे ओढली.

"आत्ता नको!" ती मुलीवर खेकसली. "आत्ता नको म्हणते ना!"

गोमा ताडकन उठला.

'नको' त्याला काय ठाऊक! त्याच्या कानी पडला तो त्याचा शब्द, किती दिवसांनी, आणि तोही चक्क दोनदा. काय सापडलं, कुठे सापडलं, याचा विचार न करता त्याने समोरच्या लव्हाळ्यात उडी घेतली. गुंडाळी तर शैलजाच्याच हातात होती.

"गोमा! थांब!"

लव्हाळ्यापलीकडे पंपाचा कालवा होता. सिमेंटच्या उभ्या भिंती, पडलेल्या जनावराला वर यायला जागा नाही. ओनोदेरा-सान काठीवर जोर देऊन अर्धवट उठले आणि तसेच वाकून उभे राहिले. लव्हाळं हललं, मग हलायचं थांबलं. ट्रक जवळ आला. इंजिन बंद झालं, पण मेव्हणा खाली उतरला नाही. अनघाने आईची बाही धरली होती. शैलजाच्या ते उशिरा लक्षात आलं.

मग कालव्याच्या अलीकडेच दलदलीचं पाणी खळबळलं आणि काळं डोकं वर आलं.

तोंडात काहीतरी मोठं होतं. गोमा ते ओढत, अडखळत, तरी शेपटीने अख्खं अंग हलवत थेट शैलजाकडे धावत आला. रबरी बूट होता, शेतात घालायचा, चिखलाने भरलेला. कुत्रा बसला नाही. त्याने चिखलाचे दोन्ही पाय तिच्या छातीवर ठेवले आणि बूट तिच्या तोंडासमोर धरला.

जागा सोडली. बसला नाही. नको ते आणलं. "दामे" तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ओनोदेरा-सान त्या बुटाकडे बघत होते, आणि अनघा आईच्या तोंडाकडे.

शैलजाने गुंडाळी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी बूट घेतला.

"अत्ता!" ती म्हणाली. मग मोठ्याने पुन्हा म्हणाली, "अत्ता!"

गोमा वेडापिसा होऊन तिच्याभोवती फिरू लागला. तिने गुंडाळी भिरकावली ती कशीतरीच, पाण्यात. तो बाणासारखा गेला, घेऊन आला, तिच्या हातात देऊन वाकडातिकडा उभा राहिला, डोळे पुन्हा तिच्या हाताकडे.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

"नको. आज पुरे," ओनोदेरा-सान म्हणाले. "त्याला हवंसं वाटतंय, तोवरच थांबू."

त्यांनी तिच्याकडून बूट घेतला, आतला चिखल झटकला. "लाटेतले अजून निघतात," ते स्वतःशीच म्हणाले, आणि तो बूट बांधावर सरळ उभा ठेवला, दारात ठेवतात तसा. मग दोरी गुंडाळून खिशात घातली आणि मेव्हण्याला चहा प्यायला खाली बोलावलं.

मायलेकी बसच्या थांब्याकडे निघाल्या. शैलजाचा कोट चिखलाने माखला होता.

"आई," अनघा म्हणाली, आणि थांबली. शब्द जुळवत होती. "गोमा बूट आणली, तेव्हा मला खूप हसू आली."

शैलजाने श्वास घेतला. "आणला" जिभेच्या टोकावर होतं, "आलं" त्याच्या मागोमाग.

"हो?" ती म्हणाली. "मग?"