स्टुडिओतला आडपडदा

मित्रांनो, मी एक जुना आडपडदा आहे. लाकडाच्या तीन चौकटी, त्यांवर ताणून बसवलेलं जाड निळं कापड आणि मधे बिजागऱ्या, एवढाच माझा देह. मी एका फोटो स्टुडिओत राहतो. फोटोसाठी आलेली माणसं माझ्यामागे जाऊन कपडे बदलतात. 'आडपडदा न ठेवता बोल' असं लोक एकमेकांना बजावतात, तेव्हा मला जरा वाईट वाटतं. माणसाला कधी कधी आडपडदा लागतोच, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

स्टुडिओचे मालक मास्तर. दुकानांच्या जाहिरातींसाठी मॉडेलचे फोटो काढण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांनीच सुताराकडून मला करवून घेतलं. बिजागरीपाशी फट दिसली, तेव्हा त्यांनी सुताराला परत बोलावलं आणि आतून कापडाची पट्टी ठोकायला लावली. सुतार कुरकुरला, पण पट्टी ठोकून गेला.

मास्तरांची रीत ठरलेली होती. कोणते कपडे घालायचे, कसं उभं राहायचं, फोटो कुठे छापले जाणार, हे ते आधीच सांगत. मॉडेलसोबत घरचं कोणी आलं, तर त्याला खुर्ची मिळे. कुणाची कॉलर मुडपली असेल, तर मास्तर स्वतःच्या कॉलरला हात लावून दाखवत. तरी जमलं नाही तर विचारत, "मी नीट करू का?" समोरचा घुटमळला, तर मेकअप करणाऱ्या काकूंना पुढे करत. एकदा एक पहिलवान गडी लाजून माझ्यामागून बाहेरच येईना. मास्तर त्याच्याकडे पाठ करून दिवे पुसत बसले. सगळे दिवे लख्ख झाले, तेव्हा कुठे स्वारी बाहेर आली.

पुढे मास्तरांचा हात कापू लागला आणि कॅमेरा त्यांच्या मुलाकडे गेला. त्याला सगळे छोटे साहेब म्हणत. हात चलाख, जीभ गोड. माझ्यामुळे जागा अडते म्हणून त्याने मला मोडक्या स्टँडमागे सारलं. हल्ली कोणी इतकं लाजत नाही, असं त्याचं म्हणणं. मग मॉडेल कपडे बदलायला जिन्यापलीकडच्या बाथरूममध्ये जाऊ लागल्या. माझ्या निळ्या कापडावर धुळीचे थर चढले.

एके दुपारी स्वेटरच्या जाहिरातीसाठी एक मुलगी आली. कॉलेज संपवून नुकतीच या कामाला लागली होती. सोबत थोरली बहीण होती. घरचं माणूस समोर असलं की चेहरा खुलत नाही, असं सांगून छोट्या साहेबाने बहिणीला खाली चहाला पिटाळलं.

सुरुवातीला काम बरं चाललं. मग तो पुढे झाला आणि न विचारताच त्याने तिचे केस मागे सारले. खांद्याला धरून तिला वळवलं. ती अंग चोरून उभी राहिली. तुम्ही सांगा, मी वळते, असं ती म्हणाली. तो नुसता हसला आणि पुन्हा तिच्या खांद्यावर हात ठेवला. एवढं ताठ राहून या धंद्यात निभाव लागत नाही, हेही त्याने ऐकवलं. मग पुढचा स्वेटर तिच्या हातात देत तो म्हणाला, "बाथरूमला जाण्यात वेळ जातो. इथंच बदल. आम्ही काय परके आहोत?"

"नाही," ती म्हणाली. आवाज जेमतेम फुटला.

"मग राहू दे. तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील मला."

काकू पावडरच्या डब्याशी बसल्या होत्या. असले प्रसंग त्यांनी याआधीही खाली मान घालून काढले होते. त्यांची चूल या स्टुडिओवर पेटत होती. त्या दिवशी मात्र त्या उठल्या, माझ्या कोपऱ्यात आल्या आणि त्यांनी मला ओढत खोलीच्या मधोमध नेऊन उघडलं. माझ्या गंजलेल्या बिजागऱ्या करकरल्या.

"छोटे साहेब, तुम्ही बाहेर जा. ती आपले कपडे घालून घरी जाईल."

"काकू, तुमचं काम पावडर लावायचं."

"हो. पण आत्ता तुम्ही बाहेर जा."

तो दार आपटून गेला. मुलगी माझ्यामागे आली. तिने माझी चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली, मग आपले कपडे घातले. मग बहीण वर आली आणि दोघी गेल्या.

काकूंनी सगळी हकिगत मास्तरांच्या कानावर घातली. मास्तर म्हणाले, "मी त्याला फैलावर घेतो. पण काकू, घरातलं घरात राहू दे."

मित्रांनो, बोटभर फटीसाठी सुताराला परत बोलावणारा हाच तो माणूस. माझा कानांवर विश्वास बसेना.

"घर तुमचं आहे, मास्तर," काकू म्हणाल्या. "त्या पोरीनं कुणाच्या घरात दाद मागायची?"

मास्तरांनी कॅमेरा घेतला आणि त्या दुपारचे फोटो एकेक करून पाहिले. एका फोटोपाशी ते थांबले. मुलाला बोलावून म्हणाले, "इथपर्यंत ती काम करतेय. इथून पुढे ती सुटायची वाट बघतेय. तुला दिसलं नाही?"

"फोटो तर चांगले आलेत, बाबा."

मास्तरांनी कॅमेरा आपल्याजवळ ओढून घेतला. म्हणाले, "पुन्हा या कॅमेऱ्याला हात लावू नकोस."

त्यांनी मुलीच्या घरी फोन केला. बहिणीने उचलला. मास्तरांनी आढेवेढे न घेता माफी मागितली. ते फोटो कुठेही जाऊ नयेत आणि तिला पुन्हा बोलावू नये, एवढंच बहीण म्हणाली. मास्तरांनी सगळे फोटो पुसून टाकले. स्वेटरवाल्यांनाही खरं काय ते सांगितलं. त्यांनी आपलं काम दुसरीकडे नेलं.

आता मास्तर कापऱ्या हातांनी, कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर ठेवून जमेल तेवढं काम करतात. काकू अजून आहेत. ती मुलगी पुन्हा कुठल्याही कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही, असं ऐकतो. छोट्या साहेबाने गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचा स्टुडिओ थाटला आहे, पाटी म्हणे झकास आहे. तिथे एखादा आडपडदा आहे का, कोण जाणे. हा विचार मला आतून पोखरतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी हातात कॅमेरा घेईल, कोणी कॅमेऱ्यासमोर उभं राहील. हात लावण्याआधी विचारा. 'नाही' हळू आवाजात आलं, तरी ते 'नाही'च असतं. आणि कुणाला अंग चोरून उभं राहिलेलं पाहिलंत, तर पावडरच्या डब्यात मान घालून बसू नका. मी लाकडाचा. कोणी कोपऱ्यात ढकललं, की मला जावंच लागतं. तुम्हाला पाय आहेत. उठा, आणि मधे उभे राहा.